मोटर कोणाच्या भिंतीला

ज्या साली रुद्रचं जावळ हरसूलला त्याच्या मामाच्या मांडीवर निघालं, त्याच साली शेखरने घरामागच्या परसात पोहायचा हौद खणायला काढला. वैशाख अर्धा सरला होता. जावळाला गेलेली माणसं परत आली, आहेराची लुगडी आणि टोप्या अजून पिशवीतून बाहेर निघाल्या नव्हत्या, आणि परसात मातीचा ढीग जांभळीच्या फांदीला लागला होता.

शेखर चतुराबाईचा थोरला. गंगापूर रोडच्या बंगल्यातल्या वरच्या खोल्या तो पाहुण्यांना भाड्याने देई. शनिवार-रविवार मुंबईची माणसं यायची, धरणाकडे हिंडायची, खायची-प्यायची आणि सोमवारी जायची. हौद असला तर दुप्पट येतील, असं त्याच्या बायकोचं, स्नेहलचं म्हणणं. धाकटा रवी सातपूरला कारखान्यात शिफ्टवर. परसाच्या पश्चिमेला त्याच्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, बायको वैजू आणि बऱ्याच नवसांनी झालेला रुद्र. दोन्ही घरांच्या मधे, परसाच्या तोंडाशी चतुराबाईची खोली. रवीला आपल्या घरात जायचं तर आईच्या उंबऱ्यावरूनच वाट होती.

परस दोघांचं. त्यांचा बाप गेणू गेला तेव्हा शेवटच्या दिवसांत एवढंच बोलला होता, "घरं वेगळी करा, चुली वेगळ्या करा, परसात भिंत घालू नका." ते बोलणं दोघांनी अजून पाळलं होतं.

खड्ड्याला रवी लगेच हो म्हणाला. खड्डा मुका असतो, कोणाला त्रास देत नाही. भांडण लागलं ते मोटरीवरून.

त्या रविवारी सकाळी हौदाचं काम घेतलेला गोरक्ष टेम्पोतून सामान घेऊन आला. एक मोटर, वाळू भरायची एक फुगीर टाकी, आणि बटणांची पेटी. सामान जांभळीखाली उतरलं आणि त्याच्याभोवती सगळं घर उभं राहिलं, लग्नातल्या रुखवताभोवती उभं राहावं तसं. चतुराबाई आपल्या उंबऱ्यात बसून चिंचा फोडत होती. एका सुपात चिंच, एका सुपात चिंचोके. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. तिच्याकडे कोणी पाहायचं नाहीच.

"बोल गोरक्ष, कुठं बसवायची?" शेखर म्हणाला.

"मालक, माझं म्हणणं सोपंय. मोटर हौदाजवळ पाहिजे, लांब गेली की पाणी ओढत नाही. खाली सपाट ओटा, वर पत्रा, आणि वारा खेळता पाहिजे. टाकीतली वाळू धुतली की घाण पाणी सुटतं, त्याला गटार पाहिजे. म्हणजे एक तर तुमच्या व्हरांड्याखाली, नाहीतर त्या भिंतीला." त्याने रवीच्या भिंतीकडे बोट केलं.

"व्हरांड्याखाली नको," स्नेहल लगेच म्हणाली. "वर पाहुण्यांच्या खोल्या आहेत. ती माणसं काय पैसे देऊन मोटर ऐकायला येणारेत?"

"मग आमच्या उशाशी का?" वैजूने रुद्रला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "त्या भिंतीच्या आतल्या अंगाला आमचा पलंग हाय, ताई. तुम्ही आल्यात की बघायला. पडदे चांगले म्हणाल्या होत्या."

"मोटर रात्रीची चालणार आहे, वैजू. दिवसा लोक पाण्यात असतात. रवीभाऊजी निम्मे दिवस तर रात्रीचे कामावरच असतात."

"अन् फर्स्ट शिफ्ट असती तवा? तवा ते रात्री काय गोंधळ घालतात? झोपत्यातच ना?"

"तू जरा थांब," रवी बायकोला म्हणाला. मग भावाकडे वळला. "दादा, मी मशीनवर उभा राहतो. झोप नाय झाली तर बोट जाईल माझं. दिवसभर कारखान्यात मशीन, घरी आलो तरी मशीन. हे नाय जमायचं."

"तुझं काहीच जमत नाही. नळाची लाईन जमली नाही, गेट जमलं नाही. आता हे."

"गेट तू माझ्या गाडीवर उघडणारं लावलं होतं."

"रवी, मी सरळ सांगतो." शेखरने कोपऱ्यात रचलेल्या विटांकडे हात केला. "विटा आलेल्या आहेत. मधे भिंत घालू. तुझं तुला, माझं मला. मग मी माझ्यात मोटर ठेवीन नाहीतर हत्ती बांधीन."

"घाल. घाल ना. आण गवंडी."

गोरक्ष खाली बसून उगाच नटबोल्ट मोजू लागला.

चतुराबाईचा हात थांबला नाही. चिंच फोडली, चिंचोका काढला, सुपात टाकला. भिंतीचं बोलणं कानावर पडलं तरी हात थांबला नाही. सहा वर्षांत त्या हाताला तेवढं वळण लागलं होतं.

कारण चतुराबाई बहिरी नव्हती.

सगळं घर तिला बहिरी धरून चाललं होतं, खरं कोणाला माहीत नव्हतं. गेणूच्या तेराव्याला, पंगती उठायच्या आधीच, दोघं भाऊ रस्त्याकडच्या जमिनीच्या तुकड्यावरून एकमेकांच्या अंगावर गेले होते. शेवटी दोघंही तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, तूच सांग. वडील कोणाला काय बोलले होते, तूच होती तिथं." एकीकडे एक लेक, दुसरीकडे दुसरा. कोणाचंही नाव घेतलं असतं तरी दुसरा मेलेल्या बापाच्या घरातून तसाच उठून गेला असता. तिने कानाला हात लावला आणि म्हणाली, "काय?" त्यांनी मोठ्याने विचारलं. ती पुन्हा म्हणाली, "काय म्हणतो, बाबा?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुःखाने कान गेले म्हातारीचे, असं कोणीतरी म्हणालं. भांडण तिथंच विझलं, आणि तिचे कान गेले ते गेलेच.

शेखरने डॉक्टर केला. काचेच्या कपाटात बसवून कानाला डबे लावले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. तिला सगळे आवाज आले. अगदी बारीक, लांब माळावर टिटवी बोलावी तसासुद्धा आला. बटण तिने दाबलं नाही. मग ऐकायचं मशीन आलं, ते सणासुदीला कानात जायचं, एरवी कुंकवाच्या जुन्या डब्यात पडलेलं.

एक गोष्ट तिच्या ध्यानात नव्हती. माणूस बहिरं झालं की लोक त्याच्याजवळ येऊन बसतात. स्नेहल दुपारी तिच्या खाटेवर बसून डोळे पुसायची, नवऱ्याला शिव्या द्यायची, धंदा बुडाला तर काय म्हणायची. वैजू रुद्र होण्याआधीचे सगळे दवाखाने, सगळे उपास आणि माहेरचे टोमणे तिच्यासमोर ओकून मोकळी झाली होती. शेखरची निकिता फोनवर बोलायला आजीचीच खोली शोधायची. तो कोण, कुठला, त्याच्या घरचे काय म्हणतात, हे निकिताच्या आईबापाला माहीत नव्हतं, आजीला पाठ होतं. यातलं एक अक्षर चतुराबाईच्या ओठाबाहेर आलं नाही. पण आता जर कळलं की म्हातारी सगळं ऐकत होती, तर या घरातलं कोणतं माणूस तिला तोंड दाखवणार होतं?

"बाबा, एक मिनिट," निकिता पुढे झाली. "भिंत वगैरे काय? काहीतरी मधली जागा काढा ना."

"मधली जागा म्हणजे हौदच आहे," शेखर म्हणाला. आणि बोलता बोलता त्याची नजर फिरली. जांभळीवरून, हौदावरून, ती येऊन थांबली चतुराबाईच्या खोलीवर. खोलीवर म्हणजे तिच्या खिडकीवर. "गोरक्ष, तिथं?"

गोरक्षने मान वाकडी करून अंतर पाहिलं. "बसंल. गटार पण तिकडूनच गेलंय. झकास बसंल. पण ती तर माईंची खोली."

"बाईला कुठं ऐकू येतंय?"

मग स्नेहल म्हणाली, "खरंच की. आईंना काय त्रास?"

"आत्यांना काय कळणार नाय," वैजू म्हणाली. तिच्या आवाजातली धार एकदम गेली होती. "पत्रा तेवढा चांगला घाला, पावसाचं खोलीत नको यायला."

"घालतो ना. चांगला घालतो," शेखर म्हणाला.

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, सरळ. वैजू चक्क हसली. "च्या टाकते सगळ्यांना. ताई, तुमच्याकडं आलं असंल ना? माझ्याकडचं संपलंय."

"निकिता, जा, आलं दे काकूला."

"ऐकू येत नाही म्हणून आजीच्या डोक्याशी काहीही ठेवायचं का?" निकिता जागची हलली नाही.

"तू आलं आण," स्नेहल म्हणाली. "मोठ्यांच्यात नाक नको."

"बाईला विचारा तरी," रवी म्हणाला. तो मान खाली घालून बुटाच्या टोकाने माती उकरत होता. त्याचं समाधान झालेलं नव्हतं, पण विरोध करण्याएवढं बळही त्याच्यात उरलेलं दिसत नव्हतं.

शेखर उंबऱ्याशी आला, वाकला आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल एवढ्याने ओरडला, "बाई! मोटर! हौदाची! इथं! खिडकीखाली! चालंल ना?" हाताने मोटर फिरवून दाखवली, खिडकी दाखवली.

चतुराबाईने वर पाहिलं. शेखरच्या मागे रवी येऊन उभा होता. दोघांचे खांदे एकमेकांना लागले होते आणि दोघांना त्याचं काही वाटत नव्हतं. असे दोघं एका चौकटीत तिने कधी पाहिले होते? गेणूला खांदा दिला तेव्हा. त्यांच्या पलीकडे कोपऱ्यात विटा होत्या.

"चालंल की," ती म्हणाली. "मला म्हातारीला काय."

"बघ," शेखर सगळ्यांकडे वळून म्हणाला, "झालं."

चहा परसातच झाला. बऱ्याच दिवसांनी दोन्ही घरांचा एका पातेल्यातला. शेखरने रवीला आपल्या हाताने बशी पुढे केली. वैजू रुद्रला स्नेहलच्या मांडीवर देऊन बिस्किटं आणायला गेली आणि आली. बोलणं वळत वळत म्हातारीवर आलं.

"पण एक नवल हाय, ताई," वैजू म्हणाली. "आत्यांना ढोल वाजला तरी कळत नाय. पण हे कामावरून आले ना, कोणत्या बी शिफ्टचे असो, गाडी लावून येईपर्यंत पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवलेला. पाय धुवायला, प्यायला. एकदा नाय चुकलं."

"आईचं मन असतं ते," स्नेहल रुद्रच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. "कानाची गरज नसते त्याला."

"दिवा दिसत असंल गाडीचा," शेखर म्हणाला.

रवीने बशी तोंडाला लावली होती. ती त्याने तशीच धरून ठेवली.

चतुराबाईने चिंचोक्यांचं सूप पाखडायला घेतलं. मन नव्हतं ते. कानच होते. घरातल्या बाकी सगळ्या बोलण्याला तिने कान दिले नसते तरी चाललं असतं, पण त्या एका गाडीसाठी ती कान राखून होती. रवीच्या आधी किशोर होता, तिचा मधला. तोही सातपूरलाच, सेकंड शिफ्टला. त्या साली कांदा काढायचा चालला होता, अंग मोडून आलेलं, आणि चतुराबाई जेवणं झाल्या झाल्या झोपून गेली. किशोर आला नाही हे घराला सकाळी कळलं. रस्त्याच्या कडेला, चारीत, गाडीसकट पडलेला. अर्धी रात्र जीव होता म्हणे. कोणी जागं असतं तर कोणी शोधायला गेलं असतं. कोणी म्हणजे दुसरं कोण? त्या रात्रीपासून लेकाची गाडी आल्याशिवाय तिने पापणी लवू दिली नाही. तिठ्यावर गियर उतरल्याचा आवाज, मग बोळात शिरल्याचा, मग स्टँड पडल्याचा खट्. तो खट् झाला की तांब्या भरायचा, उंबऱ्यावर ठेवायचा आणि अंथरुणाला पाठ टेकायची. आणि एखाद्या रात्री खट् झालाच नाही, तर? तर ओरडून घर उठवायचं. एवढ्याचसाठी ती जगते आहे असं तिला अलीकडे वाटायचं.

आता खिडकीखाली मोटर. रात्रीची.

चहा झाल्यावर गोरक्ष म्हणाला, "एकदा चालवून दाखवतो. नंतर कटकट नको." त्याने खिडकीखाली विटांवर मोटर ठेवली, पाण्याचं पिंप आणलं, दोन नळ्या जोडल्या. एका नळीला गळती लागली. क्लिप पाहिजे होती.

"मी आणतो," रवी म्हणाला. "तिठ्यावर हार्डवेअरवाला उघडा असंल."

तो बोळात गेला. गाडी चालू झाल्याचं, लांब गेल्याचं, चतुराबाईने ऐकलं. ती सूप घेऊन खोलीत खाटेवर जाऊन बसली. दाराकडे पाठ, खिडकीकडे तोंड. बाहेर गोरक्ष शेखरला म्हणत होता, "तोवर चिंधी बांधून बघू." आणि त्याने बटण दाबलं.

आवाज फार मोठा नव्हता. पिठाच्या गिरणीसारखा तर मुळीच नाही. तिने मनातून त्याहून वाईट धरलं होतं. पण हा एकसुरी होता, जड होता. पावसाळ्यातली ओली गोधडी तोंडावरून ओढून घ्यावी तसा तो सगळ्यांवर पसरला. जांभळीवरच्या साळुंक्या त्याखाली गेल्या. वैजूच्या बांगड्या गेल्या. रुद्र रडत होता, त्याचं तोंड उघडं दिसत होतं, रडणं नव्हतं. खरं बहिरेपण कसं असतं, हे तिला सहा वर्षांनी आज कळलं.

तिने कान ताणले. तिठा. बोळ. काही नाही. भिंतीपलीकडे जग आहे की नाही तेही कळेना. एवढ्यात तो यायला पाहिजे. आला असेल. नसेल आला. दिवसाढवळ्या, घर माणसांनी भरलेलं असताना, कोपऱ्यावरच्या दुकानात गेलेल्या चाळिशीच्या लेकासाठी तिच्या तोंडाला कोरड पडली.

सुपावर सावली पडली तशी ती दचकली. सूप कलंडलं. चिंचोके फरशीवर सांडले, खाटेखाली गेले.

दारात रवी उभा होता. हातात क्लिप.

तो तिच्याकडे बघत नव्हता. तो खाली, उंबऱ्याकडे बघत होता. उंबरा रिकामा होता, तांब्या नव्हता.

मग वळला आणि बाहेर गेला. उघड्या दारातून तो तिला दिसत होता. तो बोळाच्या तोंडाशी गेला, जिथून त्याची गाडी आत यायची. तिथून त्याने तिच्या खिडकीकडे पाहिलं. मधे न्हाणीघराची भिंत, तिच्यावर चढलेला गोकर्ण. दोन पावलं पुढे आला, पुन्हा पाहिलं. गाडीचा दिवा या खिडकीत पडायला कुठून जागाच नव्हती. तो तिथंच कमरेवर हात ठेवून, मान वर करून उभा राहिला, जणू आभाळात काहीतरी शोधत होता.

"क्लिप आणली का?" शेखर ओरडला.

रवीने त्याला क्लिप दिली. मग स्वतः वाकून मोटरीचं बटण बंद केलं.

"अरे, का बंद केली?"

"दोन मिनिटं थांब."

साळुंक्या परत आल्या. रुद्रचं रडणं परत आलं. रवी आईच्या खोलीत आला आणि उंबऱ्यावर बसला, तिच्याकडे पाठ करून, परसाकडे तोंड करून. आता त्याचे ओठ तिला दिसत नव्हते. बाहेरच्यांना वाटलं, बुटाची नाडी बांधतोय.

तो अगदी हळू बोलला. शेजारी बसलेल्यालाही कान द्यावा लागेल एवढ्या हळू.

"बाई, उद्यापासून सेकंड शिफ्ट हाय माझी. यायला उशीर व्हईल."

चतुराबाई चिंचोके गोळा करायला वाकली होती, ती तशीच राहिली.

गप्प बसली तर सगळं होतं तसं राहत होतं. दोन लेक, एक परस, दुपारी खाटेवर येऊन बसणाऱ्या सुना, निकिता. मोटरही राहत होती. बोलली तर हा पोर उठेल, बाहेर जाईल आणि म्हणेल, ऐका रे, म्हातारीने आपल्या सगळ्यांना फसवलं. म्हणेलच असं नाही. पण म्हणाला तर त्याला काय दोष द्यायचा? सहा वर्षं त्याची भांडणं, त्याचं रडणं, रुद्रच्या आधीचं त्याचं रात्री परसात एकट्याने बसणं, सगळं तिने ऐकलं होतं आणि एकदाही पाठीवरून हात फिरवला नव्हता. बहिऱ्या माणसाला तसा हात फिरवता येत नाही.

रवीची पाठ हलली नाही. मानेवर घामाचा एक थेंब होता. किशोरची मान अशीच होती, मागून.

"ये," चतुराबाई म्हणाली. "मी जागी हाय."

रवीचे खांदे एकदा वर गेले आणि खाली आले. नाडी बांधल्याचं सोंग त्याने चालू ठेवलं, पण बोटांत गाठ येत नव्हती.

"पाणी दे," तो म्हणाला, तेवढ्याच हळू.

तिने तांब्या भरला आणि उंबऱ्यावर ठेवला. तो अर्धा प्याला, उरलेल्याने तोंडावर हबका मारला. मग उठला, आणि तिच्याकडे न बघता परसात गेला.

"दादा, इथं नको. माझ्या भिंतीला लाव."

शेखरच्या हातातला पाना तसाच राहिला. "काय?"

"माझ्या भिंतीला. गोरक्ष, उचल मोटर."

"डोकं फिरलं का तुमचं?" वैजू धावत पुढे आली. "आत्ता तर म्हणत होते बोट जाईल! रुद्र झोपतो तिथं! आत्यांनी हो म्हटलंय, ताई हो म्हणाल्या, सगळं सरळ झालं होतं!"

"पलंग दुसऱ्या खोलीत घेऊ."

"दुसऱ्या खोलीत तुमचं कपाट हाय अन् माझं शिवणयंत्र!"

"मग कपाट इकडं आणू."

"अरे, पण का?" शेखरचा आवाज चढला. "सकाळपासून माझं रक्त आटवलंस. भिंतीपर्यंत गोष्ट आणलीस. आणि आता स्वतःच? आत जाऊन आलास आणि काय झालं तुला? बाई काही बोलली का?"

स्नेहलचे डोळे बारीक झाले होते. ती रवीकडे नाही, चतुराबाईच्या दाराकडे बघत होती. "हो, आई काय म्हणाल्या, भाऊजी?"

चतुराबाईने उंबऱ्यातला तांब्या उचलला. पदराने तो पुसू लागली.

"बाई काय म्हणणार?" रवी म्हणाला. "बहिरी हाय ती."

मग जरा थांबून तो पुढे बोलला, "खाट खिडकीला लागून हाय तिची. मोटर चालू असताना हात लावून बघितला. सगळी खाट हादरती. ऐकू येत नसलं तरी हाडं हायेत ना म्हातारीला. तुमच्या खाटेखाली ठेवू का, वहिनी, एक रात्र?"

स्नेहलने तोंड फिरवलं. ते तिला पटलं की नाही, ते चतुराबाईला कळलं नाही, पुढेही कधी कळलं नाही. निकिता मात्र चहातून उरलेला आल्याचा तुकडा हातात धरून जांभळीला टेकून उभी होती, आणि ती आजीकडे बघत होती. सरळ, हसऱ्या डोळ्यांनी, जसं ऐकू येणाऱ्या माणसाकडे बघतात.

"माझी एकच अट हाय," रवी शेखरला म्हणाला. "सेकंड असली की मी घरी आल्याशिवाय मोटर चालू करायची नाय. मी गाडी लावीन, मीच येऊन बटण दाबीन."

"हुकूम सोडतोस?"

"माझ्या भिंतीला लावायची हाय ना? मग अट माझी."

शेखरने विटांकडे पाहिलं, मोटरीकडे पाहिलं, आणि पाना गोरक्षच्या अंगावर टाकल्यासारखा दिला. "घे. लाव तिकडं. या घरात सरळ कधी काही व्हायचं नाही." जाता जाता तो रवीजवळ थांबला. काही बोलेल असं वाटलं, पण बोलला नाही, फक्त त्याच्या शर्टाला लागलेला चिंचेचा गर नखाने काढून टाकला.

वैजूने त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. जावेशी ती बैलपोळ्यापर्यंत बोलली नाही आणि नवऱ्याशी दोन दिवस. आत्यांजवळ मात्र त्याच दुपारी येऊन बसली, रुद्रला खाली सोडलं आणि म्हणाली, "बघा आत्या, तुमच्या लेकाचं. आईची हाडं दिसली, बायकोचे कान नाय दिसले." चतुराबाईने तिच्याकडे बघून मान हलवली, नेहमीसारखी, काही न कळल्यासारखी. मग काय वाटलं कोण जाणे, हात पुढे केला आणि तिच्या पाठीवरून फिरवला. वैजू गप्प झाली आणि मग रडली.

मधल्या भिंतीसाठी आणलेल्या विटा मोटरीच्या ओट्याला लागल्या. उरलेल्या चार-दोन जांभळीखाली पडून होत्या, त्यांच्यावर रुद्र उभं राहायला शिकला. हौदात श्रावणात पाणी भरलं. पाहुणे आले, पोहले, गेले. सेकंड शिफ्टच्या रात्री तिठ्यावर गियर उतरायचा, बोळात गाडी शिरायची, स्टँडचा खट् व्हायचा, उंबऱ्यावर तांब्या यायचा, आणि त्यानंतर पश्चिमेच्या भिंतीला मोटर सुरू व्हायची. पाणी पिताना रवी कधी कधी परसाकडे तोंड करून एखादं वाक्य हळूच बोलून जाई. आज कँटीनला वांगी होती. रुद्रला दाढ येतीय. चतुराबाई अंधारातून उत्तर देई. दोघांपलीकडे ते बोलणं कोणाला माहीत झालं नाही.

मार्गशीर्षात एका रात्री रवीची गाडी वेळेवर आली आणि स्टँडवर लागली. उंबऱ्यावर तांब्या नव्हता. त्या रात्री त्याने मोटर चालू केली नाही.

चतुराबाई गेणू कांडेकर दोन हजार चोवीस साली, मार्गशीर्ष वद्य द्वितीयेला, मंगळवारी वारल्या.